कारलं न खाता शुगर आटोक्यात: खाण्याचे नखरे असणाऱ्यांनी लो-कार्ब कसं सुरू करायचं

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की दोन दिवसांत घरात कारली येतात, मेथ्या भिजत पडतात, कोणीतरी जांभळाच्या बियांची पावडर आणून देतं आणि ताटात काकडी-गाजराचा ढीग लागतो. ज्यांना सगळं खायची सवय आहे त्यांचं निभतं. पण ज्यांना लहानपणापासून वांगं बघून मळमळतं, भेंडीला तार सुटली की घास खाली उतरत नाही, कच्चा टोमॅटो तोंडात धरवत नाही, त्यांनी काय करायचं? अशी माणसं आठवडाभर नेटाने गिळतात आणि मग एका संध्याकाळी परत पोहे, भात, बिस्किटांवर येतात आणि वर "तुला कंट्रोलच नाही" हे ऐकून घेतात. मी स्वतः टाइप टू डायबेटिक आहे आणि खाण्याच्या बाबतीत भयंकर नखरे आहेत माझे, त्यामुळे मनापासून सांगते, कार्ब्स (अन्नातला साखरेचा आणि पिठूळ भाग, ज्याची पोटात गेल्यावर शुगर होते) कमी करायला कारलं लागत नाही, सॅलडही लागत नाही. तुम्ही आत्ता जे आवडीने खाता त्याची यादी लागते, तिथूनच सुरुवात करायची.

यादीच्या आधी गोळ्या. हा भाग वगळून प्लीज पुढे जाऊ नका. तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेत असाल, किंवा इन्सुलिन घेत असाल, तर तो डोस तुमच्या आत्ताच्या भात-पोळीच्या हिशोबाने ठरलेला आहे. जेवणातले कार्ब्स अर्ध्यावर आणले आणि गोळी तीच ठेवली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, म्हणजे घाम, थरथर, धडधड, काही सुचेनासं होणं, आणि वेळेत लक्षात नाही आलं तर बेशुद्धी. खूप जणांना वाटतं आपण फक्त मेटफॉर्मिन घेतो, पण स्ट्रिपवर बारीक अक्षरात ग्लिमेपिराइडही असतं कारण ती कॉम्बिनेशनची गोळी असते, म्हणून चष्मा लावून स्ट्रिप एकदा नीट वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कार्ब्स एकदम खूप कमी करणं धोक्याचं, त्यात कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं, आणि तो शुगर फार वाढलेली नसतानाही होतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर अशी घसरायची भीती फार कमी, तरी डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल, तर खाली जे पनीर-अंड्याचं सांगितलंय ते किती घ्यायचं हे डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांकडे जाऊन इतकंच म्हणायचं, "मी पोळी-भात कमी करणार आहे, गोळ्यांचं काय करू?" आणि शुगर उतरलीच तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेच.

आता कार्ब्स म्हणजे काय तर फक्त साखर नाही. आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ हाच आहे, लोक चहातली साखर बंद करतात आणि ताटभर भात खातात. आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसवरच्या देशभरातल्या पाहणीत दिसलं की आपल्या लोकांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्ब्समधून येतात, आणि त्यात मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांचा. घरच्या ताटात बघायचं तर अंदाजे हिशोब असा, छोटा फुलका १८ ते २० ग्रॅम कार्ब्स, घडीची मोठी पोळी ३० च्या आसपास, वाटीभर शिजलेला भात ४०, पोह्यांची एक प्लेट ४० ते ४५, वाटीभर वरण १६-१७, एक केळं २५. चहाचं तर कोणी मोजतच नाही, अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर धरली तर एका कपात साधारण १५, आणि आपण दिवसाला तीन-चार कप सहज घेतो, म्हणजे चहातूनच अडीच-तीन फुलके पोटात जातात.

भाकरीबद्दल वेगळं लिहितेय कारण यावर घरोघरी वाद आहेत. ज्वारीची भाकरी चांगली आहे, त्यात फायबर आहे, पोट भरल्यासारखं राहतं, पण ज्वारीच्या पिठात सुद्धा १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या जवळपास कार्ब्स असतात, जवळजवळ गव्हाइतकेच. चांगली थापलेली एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन फुलके. "मी पोळी सोडून भाकरी खातो" म्हणणारे दोन-दोन भाकऱ्या खातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून हैराण होतात. गूळ, मध, ब्राऊन राइस, मल्टीग्रेन आटा, शुगरफ्री लिहिलेली मैद्याची बिस्किटं, यांचंही तसंच. आणि मखाणा. मखाणा हलका लागतो, हेल्दी म्हणून विकला जातो, पण १०० ग्रॅममध्ये ७५ च्या आसपास कार्ब्स आहेत, वाडगा भरून खायची गोष्ट नाही ती.

रोजचे १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असले की त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. नेहमीच्या मराठी जेवणात हा आकडा २५०-३०० पर्यंत सहज जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी १३० वर उडी मारू नका. आपल्यासारख्यांचं तर अजिबात टिकणार नाही, कारण आपण खातोच मोजके पदार्थ, त्यातले निम्मे काढून टाकले तर ताटात उरणार काय.

म्हणून यादी. कागदावर तीन रकाने पाडा, नक्की खातो, मूड असेल तर खातो, कधीच नाही. प्रामाणिकपणे लिहा, कोणाला दाखवायची नाहीये. तिसरा रकाना भरला की त्याकडे परत बघायचंच नाही, त्यातलं काहीही खायची गरज नाही. सगळं काम पहिल्या रकान्यात आहे. त्यात कार्ब्स कमी असलेलं काय काय आहे त्यावर खूण करा, अंडं, पनीर, दही, ताक, शेंगदाणे, चिकन, मासे, ओलं खोबरं, एखादी उसळ, पिठलं, कोथिंबीर वडी, जे असेल ते. खूप नखरे असलेल्या माणसाच्या यादीतही पाच-सहा गोष्टी निघतात आणि तेवढ्यावर सुरुवात होते. (यादीत खरंच दोन-तीनच पदार्थ असतील, नवीन काही तोंडाजवळ नेलं तरी उमासा येत असेल, वजन घटत असेल, तर तो हट्ट नाही, अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर नावाची अवस्था असू शकते, मोठ्या माणसांनाही असते, त्यासाठी डॉक्टरांशी बोला आणि घरच्यांनी अशा माणसाला टोमणे मारणं कृपया थांबवा.)

पहिलं जेवण बदलायचं ते नाश्ता. एक तर बऱ्याच जणांची शुगर नाश्त्यानंतरच जास्त उसळते, आणि दुसरं म्हणजे आपला नाश्ता बघा ना, पोहे, उपमा, शिरा, इडली, साबुदाणा, ब्रेड, सगळेच कार्ब्स. दुपारचं आणि रात्रीचं जेवण सध्या जसं आहे तसं चालू द्या, फक्त नाश्ता. इथे माझी एक युक्ती आहे आणि नखरेवाल्यांसाठी ती फार कामाची आहे: पदार्थ बदलायचा पण फोडणी तीच ठेवायची. आपल्याला पोहे आवडतात म्हणजे नक्की काय आवडतं, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, परतलेला कांदा, हळद, वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरं. हे सगळं तसंच करा आणि पोह्यांच्या जागी पनीर हाताने मोकळं कुस्करून टाका, शेंगदाणे दुप्पट. चव नव्वद टक्के पोह्यांचीच लागते. पनीर परतल्यावर फार वेळ गॅसवर ठेवू नका, चिवट होतं. पूर्ण सोडवत नसेल तर आधी निम्मे पोहे निम्मं पनीर करा, मग पोहे मूठभरावर आणा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये कार्ब्स दोन-तीन ग्रॅम आणि प्रोटीन अठराच्या आसपास, त्यामुळे अकरा वाजता जी भूक लागते तीही लागत नाही.

अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही, भुर्जी करा, ऑम्लेट करा, पण पाव दोन ऐवजी एक आणि मग शून्य. अंडं चालत नसेल तर मुगाच्या डाळीचं किंवा बेसनाचं पातळ धिरडं, ३० ग्रॅम पिठाचं धिरडं म्हणजे १७-१८ ग्रॅम कार्ब्स, दह्याबरोबर किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. इडली-डोशाचं पीठ आंबवलेलं असतं म्हणून चालतं असं खूप जण सांगतात, पण ते शेवटी तांदूळच आहे, तीन-चार इडल्या म्हणजे नाश्त्याचा सगळा कोटा संपला.

चहाची साखर तोडून टाकू नका, पाव-पाव चमचा कमी करा आणि प्रत्येक पायरीवर आठ-दहा दिवस थांबा. जिभेला सवय होते, खरंच होते, नंतर दुसऱ्याच्या घरचा चहा पाकासारखा लागायला लागतो. आलं, वेलची, गवती चहा वाढवला की साखर कमी झालेली कळतही नाही. चहाबरोबरचं बिस्किट, खारी, टोस्ट हे मात्र आधी काढा, त्याच्या जागी शेंगदाणे, बदाम, चीजचा तुकडा. फुटाणे चालतात पण मूठभर फुटाण्यात १५-१७ ग्रॅम कार्ब्स येतात, शेंगदाण्यात पाचच्या आसपास, एवढा फरक लक्षात ठेवा.

नाश्ता अंगवळणी पडला की दुपारचं जेवण. ताटात पोळी आणि भात दोन्ही ठेवायचे नाहीत, दोघांतलं जास्त आवडतं ते एक ठेवा. भातावर जीव असेल तर पोळी सोडा आणि भात अर्धी वाटी, वाटीनेच मोजून, डावाने अंदाजे नको. कोकणातल्या आणि गोव्याकडच्या लोकांना हे जड जातं मला माहितीय, माशाचं कालवण भाताशिवाय कसं, पण अर्धी वाटी भात, दुप्पट मासे, आणि साखर न घातलेली सोलकढी हे जेवण पोटभर होतं. नॉनव्हेज खाणाऱ्यांचं एकूणच सोपं आहे, सुक्कं चिकन, रस्सा, तळलेला बांगडा, यात कार्ब्स नाहीतच जमा, फक्त बटाटा घालू नका आणि रव्याचं कोटिंग पातळ ठेवा. शाकाहारी लोकांनी उसळ जेवणाचा मुख्य पदार्थ करायची आणि पोळी तोंडी लावायला घ्यायची, म्हणजे मटकीची उसळ मोठी वाटीभर आणि फुलका एक. डाळी-कडधान्यातही कार्ब्स असतात हे विसरू नका, पण सोबत प्रोटीन आणि फायबर असतं म्हणून शुगर भातासारखी झपकन चढत नाही.

जेवणाचा क्रम पण बदलून बघा, याला काही खर्च नाही आणि नावडतं काही खावं लागत नाही. आधी भाजी, उसळ, दही, अंडं, चिकन जे असेल ते निम्मंअधिक खाऊन घ्या, पोळी किंवा भात शेवटी. त्याच ताटाने शुगर कमी चढते. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, गच्चीत, पॅसेजमध्ये, कुठेही.

आता भाज्या. भाज्या मुळीच न खाता लो-कार्ब करता येतं का? काही दिवस येतं, पण पोट साफ होत नाही आणि तोच तोच पदार्थ खाऊन जीव विटतो, तेव्हा दुसऱ्या रकान्यातल्या एक-दोन भाज्या हळूहळू आणायच्या. बहुतेक वेळा आपल्याला भाजी नको नसते, तिचा लिबलिबीतपणा नको असतो, किंवा वास. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसायची, लांब उभी चिरायची, लोखंडी तव्यावर झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायची आणि मीठ अगदी शेवटी, कुरकुरीत होते, तार सुटत नाही. कोबीचा वास येतो तो जास्त शिजवल्यामुळे, बारीक चिरून चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर परता, वास येत नाही. पीठ पेरून केलेली सिमला मिरची किंवा कांद्याची पात ही तर भाजी न खाणाऱ्यांसाठीच केल्यासारखी आहे, बेसनाच्या खमंगपणात भाजीचा कच्चट स्वाद लपतो. फ्लॉवर किसून परतला की त्याला फ्लॉवर राइस म्हणतात, भातासारखा लागतो असं मी म्हणणार नाही कारण नाही लागत, पण मसालेभाताची फोडणी, गोडा मसाला आणि काजू घातला की स्वतंत्र पदार्थ म्हणून छान लागतो. दुधी किसून पिळून थालीपिठात निम्म्याला निम्मा घातला तर कळत नाही आणि थालीपिठाचं पीठ आपोआप निम्मं होतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, पालक डाळीत पूर्ण घोटून, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, जे रूप जमेल ते.

नवीन भाजी चाखायची ती कडकडून भूक लागलेली असताना नाही, आणि एकटी पण नाही. आवडता पदार्थ ताटात असू द्या, शेजारी एक चमचा नवीन. नाही आवडली तर बाजूला सारा, पंधरा दिवसांनी वेगळ्या पद्धतीने परत एक चमचा. एकाच घासात निकाल लावू नका, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की माझ्या ताटाकडे बघत बसू नका, नजर असली की घास अजूनच अडकतो.

उपवासाचं सांगायलाच हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कार्ब्स, त्यात बटाटा, म्हणजे चतुर्थीला किंवा एकादशीला खिचडी खाल्ली की शुगर नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त चढते. वरीचा भातही धान्यासारखाच. उपवास करायचाच असेल तर शेंगदाण्याची आमटी वाटीभर आणि वरी दोन-तीन चमचे, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, दही, पनीर जिरं-मिरचीच्या फोडणीत, खोबऱ्याची चटणी. खिचडीची जी चव आपल्याला हवी असते ती तूप, जिरं, मिरची आणि दाण्याच्या कुटाची असते, ती पनीरला पण लागते. निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता गोळी मात्र घ्यायची, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दोनच वेळा जेवायचा प्रयोग आपल्याकडे खूप घरांत चालतो, त्यालाही हेच लागू, गोळ्यांचं आधी ठरवा.

फळांत पेरू, पपई, संत्रं असं अख्खं आणि थोडं, रस नको. आंब्यासाठी जीव तुटतो तो तोडू नका, मे महिन्यात त्या जेवणातली पोळी-भात सोडून अर्धा हापूस खा. आमरस-पोळी हा मात्र कार्ब्सवर कार्ब्स प्रकार आहे.

हे सगळं तुमच्या शरीराला कसं मानवतंय ते ग्लुकोमीटरच सांगेल. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, रोज सगळ्या वेळी नको, पट्ट्या महाग आहेत, एका आठवड्यात फक्त नाश्त्याचं बघा, पुढच्या आठवड्यात दुपारचं. हात धुऊन पुसून मगच टोचा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा वाढतो. जेवणानंतरचं टार्गेट बहुतेकांसाठी १८० च्या आत असतं, तुमचं वेगळं असेल तर डॉक्टर सांगतील. वहीत काय खाल्लं आणि दोन्ही आकडे लिहा. थोड्याच दिवसांत दिसायला लागतं की तुम्हाला अर्धी वाटी भात चालतो पण दोन इडल्या चालत नाहीत, किंवा उलट, प्रत्येकाचं वेगळं निघतं. शेजारच्या काकूंना काय चालतं याला अर्थ नाही. सकाळची फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, सगळ्यात उशिरा उतरते बऱ्याचदा, रात्री लिव्हर स्वतःच ग्लुकोज सोडतं म्हणून, त्यावरून नाराज होऊन सोडून देऊ नका.

पहिले काही दिवस डोकं जड वाटेल, थकवा येईल, पोट साफ होणार नाही. पाणी वाढवा, ताक प्या, इसबगोल घ्या. बीपीची गोळी चालू असेल आणि उठताना गरगरत असेल तर बीपी तपासून डॉक्टरांना फोन करा, खाणं बदललं आणि वजन उतरलं की बीपीही खाली येऊ शकतं.

लग्नात, सणाला, नातेवाइकांकडे आग्रह होणारच. तिथे डायबेटिसवर भाषण देत बसायचं नाही. पानात आधी स्वतःच भाजी, कोशिंबीर, पनीर भरपूर वाढून घ्यायचं, रिकामं पान दिसलं की वाढपी थांबत नाही. जिलेबी किंवा पुरणपोळी मनापासून आवडत असेल तर एक खा, त्या जेवणात भात-पुरी घेऊ नका, आणि पुढचं जेवण नेहमीसारखं. प्रसादाला नाही म्हणवत नसेल तर चिमूटभर घ्या. हॉटेलात तंदुरी चिकन, पनीर टिक्का, ऑम्लेट, सुकी भाजी हे बहुतेक ठिकाणी मिळतं, ग्रेव्हीत बऱ्याच ठिकाणी साखर आणि कॉर्नफ्लोअर असतं ते वेटरला विचारून घ्या.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा, त्याआधी करून उपयोग नाही कारण तो साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी दाखवतो. सोबत लिपिड प्रोफाइल आणि क्रिएटिनिनही करा, तूप-चीज-पनीर वाढलेलं असतं तेव्हा एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, लक्ष हवं. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर ती वही न्या, कारण गोळी कमी करायची की तशीच ठेवायची हे नुसत्या एका आकड्यावरून ठरवण्यापेक्षा नाश्त्यानंतर किती, रात्री किती, शुगर कधी खाली गेली का, हे बघून ठरवणं त्यांना सोपं जातं, आणि तोपर्यंत स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.